वर्षवलये नसलेले झाड



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी चार वर्षे बाकावर बसलो आणि पुढे बरीच वर्षे त्यांचा सहकारी म्हणून याच वास्तूत शिकवले. त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी उभे राहण्याची माझी योग्यता आहे असे मला वाटत नाही. तथापि त्यांच्या ऋणाचा एक लहानसा हिशेब माझ्याकडून पुरा व्हायचा राहिला आहे, म्हणून मी संयोजकांचे निमंत्रण स्वीकारले. तो हिशेब कोणता, हे मी शेवटी सांगेन.

इतिहासाच्या व्याख्यानाला पामवृक्षांचा विषय कशाला, असे निमंत्रणपत्रिका पाहून काहींनी मला विचारले. त्यांचे आश्चर्य रास्त आहे. परंतु आपल्यापैकी प्रत्येक जण या सभागृहात येताना एका उंच पामवृक्षाशेजारून आला आहे. शाळेच्या फाटकाच्या डाव्या हाताला उभे असलेले ते झाड म्हणजे रॉयल पाम. आपल्याकडे त्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल की तेथे एक नव्हे, दोन झाडे होती. उजवीकडचे झाड एका मिरगाच्या पावसात कोसळले, तेव्हा मी आठवीत होतो. गोवा मुक्त होऊन काहीच वर्षे झाली होती.

झाड पडले त्या दुपारी गुरुजी आमचा वर्ग बाहेर घेऊन आले. त्यांच्या हाती खडूचे दोन तुकडे होते. वर्गाच्या दोन तुकड्या करून त्यांनी आम्हांला विचारले, "या झाडाचे वय किती, ते मला काढून दाखवा." झाडाच्या पोटातील वलये मोजली की वय कळते हे आम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचले होते. म्हणून आम्ही मोडलेल्या टोकाकडे धावलो. तेथे एकही वलय नव्हते. दोरखंडाचा पीळ मधोमध कापावा, तसे नुसते तंतूंचे ठिपके होते. मग आमच्यातील एकाला खोडावरच्या बाहेरच्या खुणा दिसल्या. गळून पडलेले प्रत्येक पान आपल्यामागे एक कडे ठेवून गेले होते. आम्ही खडूने प्रत्येक कड्यावर रेघ मारीत मोजत गेलो. एका तुकडीची संख्या २१४ भरली, दुसरीची २३१. बुंध्याकडचा पुरुषभर उंचीचा भाग झिजून गुळगुळीत झाला होता, तेथे कोणालाच काही मोजता आले नाही. माड वर्षाला बारा-चौदा झावळ्या टाकतो, तेच प्रमाण धरून भागाकार केला तर उत्तर वीस वर्षांच्या आतबाहेर येत होते. पण गावातील वृद्ध सांगत की ही झाडे त्यांच्या मुंजीच्याही आधीची.

गुरुजींनी दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहिली आणि पुसली नाहीत. ते म्हणाले, "झाडाने खुणा ठेवल्या आहेत, तारीख ठेवलेली नाही. तारीख माणसाने ठेवायची असते." इतिहास म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पुढे आयुष्यभर, जेथे जेथे जाणे झाले तेथील सार्वजनिक उद्यानांत, रस्त्यांवर, मंदिरांच्या व चर्चच्या आवारांत जुना, भव्य पामवृक्ष शोधून त्याचे दर्शन घ्यावे आणि त्याची तारीख कोणी ठेवली आहे का, हे विचारावे, असा छंद मला जडला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या छंदाचा वृत्तांत होय.

प्रथम या झाडाच्या स्वभावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. माड, पोफळ, ताड, शिंदी, भेरली माड ही सारी एकाच कुळातील मंडळी. आंबा, फणस, साग यांच्या सालीखाली दरवर्षी नवे लाकूड धरणारा एक जिवंत थर असतो. त्याच्यामुळे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते आणि पोटात वलयांची नोंद उमटते. पामवृक्षांत हा थर नसतो. कोवळेपणी खोडाची जाडी जमिनीलगत आधी तयार होते आणि मग झाड त्याच जाडीने आकाशाकडे चढू लागते. वाढीचा कोंब बहुधा एकच, तोही शेंड्यात. तो गेला की झाड गेले. या दृष्टीने ही झाडे सागापेक्षा गवताला आणि बांबूला अधिक जवळची. आपल्या अमरकोशकारांनी खजूर, ताली इत्यादींना 'तृणद्रुम' म्हणजे गवताची झाडे असा शब्द योजला आहे. सूक्ष्मदर्शकावाचून केलेले ते निरीक्षण पाहून आजही नवल वाटते.

म्हणजे असे की, वडाचे वय अंदाजता येते, सागाचे मोजता येते, पामवृक्षाचे मात्र खात्रीने सांगायचे तर कागदच पाहावा लागतो. यात एक विचित्र विरोधाभास आहे. कागद येण्यापूर्वी या देशातील लेखन ज्या पानांवर झाले ती ताडाची आणि श्रीतालाची पाने होती. शास्त्रे, पुराणे, वैद्यक, जमाखर्च, दानपत्रांच्या नकला हे सारे या झाडांनी आपल्या पानांवर शतकानुशतके सांभाळले. साऱ्या जगाचे दप्तर वाहणाऱ्या या झाडापाशी स्वतःच्या जन्माची नोंद तेवढी नाही.

आपण गोमंतकीय पामवृक्षांच्याच सावलीत वाढलो. पण आपला माड हा भाटातला किंवा कुळागरातला, म्हणजे कोणाच्या तरी मालकीचा. त्याची मोजदाद होत असे, कारण त्याच्यावर घर चाले. पाडेली वर्षातून ठरावीक वेळा त्याच्यावर चढे, रेंदेर रोज चढे. हा माड आजोबांनी लावला, तो थोरल्या आत्याच्या लग्नाच्या वर्षी लावला, अशी प्रत्येकाची जन्मकथा घरात जिवंत असे. सार्वजनिक जागेतल्या झाडाचे तसे नाही. ते सर्वांचे असते, म्हणून त्याची जन्मकथा सांगणारे कोणी घर नसते. खाजगी माडाला घराची आठवण पुरते. सार्वजनिक झाडाला कागदाची आठवण लागते. कागदाने काय होते याचा अनुभव आपण अलीकडेच घेतला आहे. २०१६ साली आपल्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन माड 'झाड' या व्याख्येतूनच वगळला गेला. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१७ साली माडाला त्याचे झाडपण परत मिळाले. माड तोच होता, वाऱ्यावर तसाच डुलत होता. कागदावरच्या एका ओळीने त्याचे संरक्षण गेले आणि दुसऱ्या ओळीने परत आले.

आता मी आपणांस काही झाडांकडे नेतो. त्यांतील काही मी स्वतः पाहिली. काहींची ओळख केवळ ग्रंथांतून आणि चित्रांतून आहे.

पहिले झाड इटलीतील पादुआ येथील विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात आहे. ते उद्यान १५४५ साली स्थापन झाले, आणि मूळच्या जागीच टिकून राहिलेले विद्यापीठीय वनस्पती उद्यान म्हणून १९९७ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला. तेथे भूमध्य सागराच्या काठी आढळणारा, पंख्यासारख्या पानांचा पामवृक्ष आहे. उंचीने तो काही फार मोठा नाही. आपल्या भाटातला जुना माड त्याच्याकडे वाकून पाहील. पण तो १५८५ साली लावला, ही नोंद शाबूत आहे. २७ सप्टेंबर १७८६ रोजी जर्मन कवी गटे पादुआला आला, तेव्हा हे झाड २०१ वर्षांचे होते. जमिनीजवळची पाने साधी, भाल्याच्या पात्यासारखी. वरची हळूहळू दुभंगत जाऊन शेवटी पूर्ण पंखा होतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने माळ्याकडून त्या क्रमाने पाने कापून घेतली आणि जपून नेली. एकच मूळ अवयव निरनिराळी रूपे घेतो, हा विचार त्याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावरील निबंधात मांडला. आज त्या झाडाभोवती काचेचे खास घर आहे आणि लोक त्याला गटेचा पाम म्हणतात. चारशे चाळीस वर्षे त्याची तारीख माळ्यामागून माळ्याने, अधिकाऱ्यामागून अधिकाऱ्याने पुढच्याच्या हाती दिली. त्याचे मोठेपण उंचीत नसून या अखंड हस्तांतरात आहे.

दुसरे झाड आपल्या इतिहासाशी अधिक निगडित आहे. १८०७ च्या अखेरीस नेपोलियनच्या सैन्याने लिस्बनकडे कूच केले तेव्हा पोर्तुगालचे राजघराणे जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेले. १८०८ पासून १८२१ पर्यंत पोर्तुगीज दरबार रिओ दि जानेरो येथे होता. म्हणजे त्या तेरा वर्षांत आपल्या गोव्यावर राज्य करणारा दरबारही लिस्बनमध्ये नसून रिओत होता. राज्यकारभार पाहणारा राजपुत्र दों जुआंव याने १८०८ सालीच तेथे एक बाग उभारली. पूर्वेकडील मसाल्यांची व उपयोगी झाडांची लागवड तेथे करावी हा हेतू. फ्रेंचांच्या कैदेतून सुटून आलेल्या लुईस द आब्रेऊ नावाच्या पोर्तुगिजाने मॉरिशस बेटावरील बागेतून काही बिया आणल्या. त्यांत कॅरिबियन प्रदेशातील एका उंच पामाचे बी होते. १८०९ साली खुद्द राजपुत्राने ते लावले असे सांगतात. रिओतील त्या जातीच्या साऱ्या झाडांची ही जननी. तिला 'पाल्मा मातेर', म्हणजे माता पाम, असे नाव पडले.

या झाडाला १८२९ साली प्रथम फळे आली. बागेच्या संचालकाने हुकूम सोडला की सर्व बिया जाळून नष्ट कराव्यात. हे झाड केवळ राजाच्या बागेचे भूषण राहिले पाहिजे. पुढचा भाग आख्यायिका म्हणून सांगतात, पण तो ऐकण्यासारखा आहे. बागेत राबणारे गुलाम रात्री झाडावर चढत, बिया काढीत आणि चार पैशांना विकीत. त्या बियांतूनच रिओच्या वाड्यांपुढे, रस्त्यांवर, मळ्यांच्या वाटांवर हे पाम पसरले. १८४२ पासून बागेतच त्यांची एक दुतर्फा रांग लावण्यात आली. ती आज पामवृक्षांचे थोर अभ्यासक बार्बोझा रॉद्रिगिस यांच्या नावाने ओळखली जाते आणि जगभरचे प्रवासी ती पाहायला जातात.

१९७२ साली माता पामवर वीज कोसळली. तेव्हा ती ३८.७ मीटर उंच होती. तिच्या खोडाचा भाग जपून ठेवला आहे आणि तिच्या जागी तिच्याच बियांपासून वाढलेले झाड लावले. त्याचे नाव 'पाल्मा फिलिया', कन्या पाम. नोंद किती चोख आहे पाहा: बी कोणी आणले, कोणी लावले, केव्हा फुलले, केव्हा पडले, किती उंच होते. इतक्या नोंदीत एक गोष्ट मात्र नाही. रात्रीच्या अंधारात तेवढ्या उंचीवर चढून ज्यांनी ते झाड खऱ्या अर्थाने सार्वजनिक केले, त्यांपैकी एकाचेही नाव कोठे लिहिलेले नाही. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली. राजपुत्राने माती लोटली असेल. खड्डा कोणी खणला, पाणी कोणी घातले? आपल्या शाळेच्या फाटकाशी उभे असलेले झाड त्याच कॅरिबियन कुळातील चुलत भावंड आहे. म्हणून हा प्रश्न मला नेहमी जवळचा वाटतो.

नोंदच नसली म्हणजे काय होते, ते पाहायचे तर दीवला जावे. १९८७ पर्यंत गोवा, दमण व दीव असा आपला एकत्र संसार होता, तेव्हा दीव आपल्याला परके नाही. नागवा येथील समुद्रकिनाऱ्यावर प्रथम गेलो तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पामवृक्षाला फांद्या नसतात हे लहानपणापासून ठाऊक. येथे तर एकेक खोड दुभंगून दोन, दोनाचे चार असे होत गेले होते आणि प्रत्येक टोकाला पंख्यांचा झुबका होता. याला तेथे होका म्हणतात. दशमुखी रूपामुळे रावणताड हेही नाव रूढ आहे. हे झाड कोठून आले, असे मी तेथील अनेकांना विचारले. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून आणले, असे बहुतेकांनी निःशंकपणे सांगितले. आफ्रिकेत या झाडाचे सगेसोयरे आहेत हे खरे. परंतु दीवची ही जात पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरचीच, देशी आहे असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पोर्तुगीज दीवला आले तेव्हा किनाऱ्यावरून त्यांचे स्वागत बहुधा याच कुळाने केले असेल. जे वेगळे दिसते, रुबाबदार दिसते, ते राज्यकर्त्यांनी आणलेले असणार, अशी आपली मनोवृत्ती होऊन बसली आहे. कागद नसला की ती रिकामी जागा आख्यायिका भरून काढते, आणि आख्यायिका नेहमी सत्तावानाच्या बाजूने झुकते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भूमीतले आहे. दर्याचा नारळ किंवा जहरी नारळ म्हणून काष्ठौषधींच्या दुकानांत जे मिळते, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी उगाळलेले पाहिले असेल. फकिरांच्या हातातील काळा, होडीच्या आकाराचा कटोरा त्याच फळाच्या करवंटीचा. शतकानुशतके ही फळे समुद्रावर तरंगत येत, विशेषतः मालदीवच्या किनाऱ्यावर. त्यांचे झाड कोणी पाहिले नव्हते. ते समुद्राच्या तळाशी वाढते अशीही समजूत होती. गोव्यात वैद्यकी करणारे गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात मालदीवच्या या नारळाची चर्चा केली आहे. आपण पणजीच्या ज्या उद्यानात संध्याकाळी बसतो, त्याला यांचेच नाव आहे. पुढे दोनशे पाच वर्षांनी, १७६८ साली, सेशेल्समधील प्रालँ बेटावर फ्रेंचांना हे झाड उभे सापडले आणि समुद्रतळाची कथा संपली.

त्या जातीचे एक झाड मी शिबपूरला पाहिले. हावड्याजवळचे ते वनस्पती उद्यान रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने १७८७ साली सुरू झाले; आज ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने आहे. प्रवासी तेथे महावटवृक्ष पाहायला जातात आणि पाहून परततात. मी पामगृहाची वाट विचारली. सेशेल्सचे ते झाड १८९४ साली लावलेले. या जातीत नर वेगळा, मादी वेगळी. आणि झाड फुलेपर्यंत ते काय आहे हे कळत नाही. शिबपूरचे झाड फुलायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. तेव्हा कळले की ती मादी आहे, आणि नर साऱ्या देशात कोठेच नाही. श्रीलंकेतून पराग आणून प्रयत्न झाले. पुढे थायलंडमधून आणलेल्या परागांनी फळ धरले. वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी असे चार पिढ्यांच्या माणसांनी मिळून मिळवले. २०२० च्या सुमारास त्या झाडाला नवी पाने फुटेनाशी झाल्याचे वृत्त वाचून मला आप्ताच्या आजाराची बातमी आल्यासारखे झाले. ज्याने १८९४ साली नोंद केली, त्या कारकुनाला या साऱ्याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्याने फक्त तारीख लिहिली. शंभर वर्षांनी त्याच एका ओळीमुळे शास्त्रज्ञांना सांगता आले की हे झाड फुलायला एवढा काळ लागतो.

श्रीलंकेच्या यात्रेत कँडीजवळ पेरादेनिया येथील उद्यानात मी एक संपूर्ण सकाळ काढली. १८२१ साली स्थापन झालेल्या त्या बागेत पामांच्या निरनिराळ्या रांगा आहेत. त्यांतील रॉयल पामची रांग १९५० साली लावलेली, असे तेथे सांगतात. आपल्या फाटकाशी असलेल्या झाडाची ती समवयस्क असेल का, या विचाराने मी त्या खोडांवरची कडी मोजू लागलो आणि सहप्रवाशांच्या थट्टेचा विषय झालो. पुढे श्रीताल भेटला. त्याच्या बिया बजरबट्टू म्हणून पूर्वी लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून बांधीत. एकेक पान खोलीच्या छपराएवढे. हा वृक्ष तीस ते ऐंशी वर्षे नुसता वाढतो, आणि मग आयुष्यात एकदाच, शेंड्यातून सहा-आठ मीटरांचा तुरा काढून लक्षावधी फुलांनी फुलतो. फळे पिकली की संपतो.

रिओमधील फ्लामेंगो उद्यानात प्रसिद्ध उद्यानकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स यांनी १९६० नंतरच्या दशकात हे आपल्या दक्षिणेतले आणि श्रीलंकेतले श्रीताल लावले. ते १९९४ साली निवर्तले. २०२५ च्या अखेरीस ती झाडे प्रथम फुलली, आणि अनोळखी नागरिक त्यांच्याखाली उभे राहून वर पाहू लागले. त्यांचे पाम आपल्या फाटकाशी, आपले पाम त्यांच्या समुद्रकाठी! आपण जे लावतो त्याचा बहर आपल्या वाट्याला येणार नाही हे ठाऊक असूनही लावणे, यालाच सार्वजनिक काम म्हणतात. शाळा काढणारेही असेच असतात.

माजी विद्यार्थिमित्रांनो, आपण देशोदेशी फिरता. गावोगावच्या उद्यानांत, जुन्या रेल्वे स्थानकांपुढे, न्यायालयांच्या आवारांत असे जुने पाम उभे असतात. त्यांचे दर्शन घ्यायचे तर कसे घ्यावे, याविषयी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. झाडाकडे सकाळी जावे. तिरप्या उन्हात खोडावरची कडी स्पष्ट दिसतात. कडी जेथे दूर दूर आहेत त्या काळात झाड जोमाने वाढले. जेथे दाटली आहेत तेथे त्याने पाण्याची टंचाई किंवा म्हातारपण भोगले. शेंड्याजवळ खोड एकाएकी निमुळते झाले असेल तर समजावे की झाड थकले आहे. पाटी असल्यास वाचावी, पण पाटीवर थांबू नये. सर्वांत वयस्क माळी कोण ते विचारून त्याच्याशी बोलावे. आणि घरी परतल्यावर, आपण ते झाड कोणत्या दिवशी कसे पाहिले, हे कोठेतरी लिहून ठेवावे.

आता तो राहिलेला हिशेब. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात काही महिने कार्यालयाचे काम माझ्याकडे होते. अडगळीच्या खोलीतील कपाटाला वाळवी लागली होती. जुन्या जमाखर्चाच्या वह्या, हजेरीपट, पत्रव्यवहार यांतील चांगले काय, वाईट काय, हे बघण्याइतका धीर मला नव्हता. मी सर्व गठ्ठे रद्दीत दिले. त्यांचे जे काही रुपये आले ते मी चोखपणे वहीत जमा केले, आणि आपण कामाचे आहोत असे मला वाटले. पुढच्या वर्षी गुरुजी सेवानिवृत्त झाले. निरोपानंतर काही दिवसांनी ते कार्यालयात आले आणि म्हणाले, "फाटकाजवळची झाडे लावल्याची मजुरी एका जुन्या वहीत लिहिलेली मी पाहिली होती. मजुरांची नावेही होती. ती वही जरा काढून दे." मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ उभे राहिले. मला रागे भरले नाहीत, आणि त्या वहीचा विषय त्यांनी पुन्हा कधीही काढला नाही. ज्या विद्यार्थ्याला त्यांनी खडू देऊन तारखेचे मोल शिकवले, त्यानेच ती तारीख वजनावर विकली होती.

मित्रहो, डावीकडचे झाड अजून उभे आहे. पण गेली काही वर्षे त्याचा शेंडा निमुळता होत चालला आहे. मला ती लक्षणे ओळखता येतात. एखाद्या पावसाळ्यात तेही जाईल. ते जाण्यापूर्वी त्याची तारीख आपल्याला शोधता येईल, आणि ते साधन आपल्याच घरांत आहे. दरवर्षी निरोपसमारंभाचे छायाचित्र फाटकासमोरच काढण्याची आपल्या शाळेची रीत होती. आपले चेहरे पुढे, झाडे मागे. आपण आजवर चेहरे पाहिले. आता झाडे पाहू या. माझ्याकडे अशी सात छायाचित्रे जमली आहेत. सर्वांत जुन्यात झाडे फाटकाच्या कमानीहून थोडीशीच उंच आहेत. दुर्दैवाने त्याच्या पाठीवर साल नाही, पण चेहरे आहेत, आणि चेहऱ्यांना नावे असतात. आपल्या घरी, वडिलांच्या ट्रंकेत, आजीच्या भिंतीवर असे छायाचित्र असेल तर त्याची प्रत शाळेकडे पाठवा. फाटकाच्या कमानीची उंची आपल्याला मोजता येते. तिच्या तुलनेने झाडाची उंची वर्षावर्षाला मांडता येईल. नेमके साल कदाचित मिळणार नाही. पण 'या वर्षानंतरचे नव्हे आणि त्या वर्षापूर्वीचे नव्हे' एवढे प्रामाणिकपणे लिहिता येईल, आणि इतिहासाला तेवढे प्रामाणिक वाक्य पुरते.

शेवटची एक विनंती व्यवस्थापक मंडळाला. या झाडाखाली पडणाऱ्या बियांतून दोन रोपे आठवीच्या मुलांकडून तयार करून घ्यावीत आणि उजवीकडची रिकामी जागा भरावी. त्या दिवशी शाळेच्या वहीत तारीख लिहावी. रोपे लावणाऱ्या मुलांची नावे लिहावीत, आणि ज्यांनी खड्डा खणला व उन्हाळाभर पाणी घातले त्यांचीही नावे, आडनावांसह, त्याच ओळीत लिहावीत. आणि ती वही रद्दीत जाणार नाही अशा जागी ठेवावी. ती जागा कोणती असावी हे सुचवण्याचा अधिकार मला नाही. परंतु वाळवीचे औषध आणून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.